बिनतिकीट

१

बस स्टॉपवरून सुटली की मी तिच्याकडे मागून बघतो. सवय आहे. मागचा भाग किती दबलाय, वळणावर कशी कलते, यावरून आत माणसं किती ते मला दाराला हात न लावता कळतं. मग पुढच्या स्टॉपवर चढायचं, तिकिटं बघायची, आणि जो जास्तीचा निघेल त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं, "उतरा खाली." ओरडायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. आवाजच असा लावायचा की माणसाचे पाय आपोआप दाराकडे वळले पाहिजेत. आधी कंडक्टर होतो, आता तिकीट चेकर आहे, आणि छातीठोक सांगतो, माझ्या त्या दोन शब्दांनंतर कोणी बसून राहिलेला नाही.

फुकट्या माणसाची मला मनापासून चीड आहे. पैसे नसतील, पाकीट विसरलं असेल, तर तोंड उघडून सांगावं. अशांचं तिकीट मी स्वतःच्या खिशातून काढलेलं आहे. पण खिडकीबाहेर बघत, जणू आपण तिथे नाहीच, असं जो बसून राहतो ना, त्याला मी सोडत नाही. घरचे म्हणतात, तुमच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असतो. असू दे.

तर मोटरसायकलचं सांगतो. लेकीला पाणीखात्यात नोकरी लागली. शहराबाहेरून येणाऱ्या मोठ्या पाइपांची गळती शोधायची, असं काम. पाइपांच्या कडेने नुसती खडीची वाट. तिथे ना बस जाते, ना रिक्षा. खात्याची अट एकच होती, स्वतःची गाडी हवी, सोमवारी गाडीसकट हजर व्हा, नाहीतर यादीतला पुढचा माणूस तयार आहे. पोरीने या नोकरीसाठी डोळे फुटेस्तोवर अभ्यास केला होता. त्या खडीवर स्कूटर टिकली नसती आणि नवी मोटरसायकल आमच्या आवाक्यात नव्हती. म्हणून जुनी, पण दणकट, अशी शोधाशोध सुरू झाली.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांइतकी खोटारडी जमात मी बसमध्येसुद्धा पाहिली नाही. मीटर मागे फिरवतात, रंग मारतात, आणि वर तोंड करून म्हणतात, काका, बाईमाणसाने चालवलेली आहे. मी आणि लेक अशा दोन-तीन दारांवरून भांडून परत आलो, आणि मग ही जाहिरात दिसली. 'एकहाती वापर. भरपूर चाललेली.' विकणारा स्वतःहून 'भरपूर चाललेली' लिहितो? मला तिथेच संशय यायला हवा होता. उलट मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी सरळ माणूस भेटला.

२

विकणारा औषध कंपनीचा माणूस होता. गावोगावच्या डॉक्टरांकडे बॅग घेऊन फिरायचा. आता नोकरी सोडली म्हणाला. चाळिशीचा असेल, पण मान अशी पुढे काढून बसायचा की साठीचा वाटावा.

घरात गेलो तर बसायला एक खुर्ची. सोफा नाही, स्टूल नाही, खाटसुद्धा नाही, कोपऱ्यात जमिनीवर गादी गुंडाळून ठेवलेली. ती एकुलती खुर्ची त्याने ओढली आणि स्वतःच बसला. मी नि लेक उभे. अहो, दारात आलेल्या माणसाला तोंडदेखलं 'बसा' म्हणायची काही रीत असते की नाही?

"गाडी कुठे आहे?" मी जरा कडकच विचारलं.

"गल्लीच्या टोकाला. भिंतीपाशी."

"घरापुढे पत्र्याची शेड आहे की तुमच्या. तिथे का नाही लावत?"

"तिथेच बरी," तो म्हणाला.

आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. काळी, दणकट गाडी. इंजिन एका किकमध्ये सुरू झालं आणि आवाज असा की कान तृप्त व्हावेत. मीटरचे आकडे एकदा पूर्ण फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेत, हेही त्याने न विचारता सांगितलं. लेकीचे डोळे चमकले. मी मात्र सवयीने मागे गेलो.

पुढची सीट धड होती, शिवण जागच्या जागी. मागची सीट खोल दबलेली. मागच्या फूटरेस्टचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, आणि मागच्याने धरायच्या दांडीचा रंग दोन ठिकाणी उडून आतलं लोखंड चकचकीत दिसत होतं. साइड स्टँडवर उभी होती, पण जेवढी कलायला हवी तेवढी कललेली नव्हती. मागून बसलेली होती ना, म्हणून जवळजवळ सरळच उभी होती.

"एकहाती म्हणालात. मागे कोण बसायचं?"

"मी कधी कोणाला बसवलं नाही."

"मग हे काय उंदरांनी झिजवलं?"

"मी कधी कोणाला बसवलं नाही," तो तसाच म्हणाला. बघत होता माझ्याकडे, गाडीकडे नाही. "रविवारपर्यंत घेऊन जा. चालवून बघा. पैसे आत्ता नकोत."

असं कोण देतं सांगा मला? पण लेकीने माझी बाही ओढली, आणि सोमवार तोंडावर आला होता. लेक पुढे बसली, मी मागे. आणि बसताना माझा पारा चढला, कारण मला जागाच पुरेना. सरकून सरकून शेवटी मागच्या लोखंडी कॅरियरवर टेकलो. मी काही हत्ती नाही हो. लेक तर काडी आहे नुसती. घरी पोहोचेपर्यंत कॅरियरच्या सळया मला टोचत होत्या. उतरताना बघितलं तर लेकीच्या पाठीत आणि माझ्या पोटात एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. इतका वेळ मी तिथे पुढे का सरकलो नाही? सीटचा आकारच चुकीचा आहे, असं स्वतःला सांगितलं आणि कंबर चोळत आत गेलो.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी मिस्त्रीकडे नेली. आमच्या डेपोसमोर त्याचं गॅरेज आहे, जुना दोस्त. दिवसभर बोलत असतो, एवढा एक दोष सोडला तर माणूस चांगला.

त्याने इंजिन ऐकलं, चेन बघितली, तेल बोटावर घेऊन वास घेतला. "घे डोळे झाकून," म्हणाला. मग मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे स्प्रिंग, बघायला खाली वाकला आणि गप्प झाला.

"काय रे?"

"शॉकअप तर नवे आहेत. आणि पूर्ण कडक करून ठेवलेत. शेवटच्या खाचेपर्यंत." त्याने मागची सीट दाबून बघितली. ती हललीच नाही. "कडक असताना गाडी मागून वर उचललेली दिसायला हवी. ही खाली बसलीये. कोणीतरी बसल्यासारखी."

"स्प्रिंग गेले असतील."

"नवे आहेत म्हणतोय ना."

"मग अडकले असतील."

"अडकले असतील," तो म्हणाला, पण त्याला काही ते पटलेलं नव्हतं. खोलून बघ म्हटलं तर हात पुसत म्हणाला, "आज जमायचं नाही, काम खूप आहे." गॅरेजमध्ये माझी सोडून एकही गाडी नव्हती. मैत्री मैत्रीच्या जागी, पण असा तोंडावर खोटं बोलला ना की डोक्यात सणक जाते माझ्या.

तिथून पेट्रोल भरायला गेलो. मी उतरलो, टाकीचं झाकण उघडलं. पंपावरची मुलगी नळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काका, मागच्यांनाही उतरायला सांगा ना. नियम आहे."

"कोणाला?"

ती गाडीच्या मागे बघत होती. मग डोळे बारीक केले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सीटकडे, आणि लाल झाली.

"सॉरी काका. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. उन्हामुळे असेल."

मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं, पण मागे रांग लागली होती. ऊन होतं हे खरं. डोळ्यांसमोर काळं येतं कधीकधी. मला नाही कधी आलं, पण येतं लोकांना. एवढं मनाशी ठरवलं आणि निघालो. फक्त घरी येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही. गरजच पडली नाही, रस्ता मोकळा होता.

४

लेकीला गाडी भयंकर आवडली होती. येता-जाता काहीतरी काम काढायची आणि चक्कर मारून यायची. पाइपांच्या वाटेवरही एकदा जाऊन आली.

"बाबा, एवढी खडी, पण पाठ जराही दुखली नाही," जेवताना म्हणाली. "मागे टेकायला असल्यासारखं वाटतं."

"कशाला टेकतेस? मागे काही नाहीये."

"तेच तर. तरी वाटतं."

आमची ही त्या वेळी इस्त्री करत होती. तिने लेकीचा शर्ट उचलला, उजेडात धरला आणि इस्त्री खाली ठेवली.

"हे काय गं?"

शर्टाला कमरेपाशी दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या होत्या. सीटवर बसून पडतात तशा आडव्या नव्हेत. कापड मुठीत घट्ट धरून बराच वेळ सोडलंच नाही, तर पडतील तशा. पाणी मारून, वर इस्त्री दाबून धरली तरी जाईनात.

"कोणाला मागे बसवून फिरतेस?" हिने सरळ तोफच डागली.

"काय? कोणालाही नाही!"

"शर्टाला धरून बसतोय इतका. आणि आम्हाला सांगते पाइप बघायला गेले."

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतेस? बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

मी सांगायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती दबलेली सीट आली, ते गुळगुळीत झालेले रबर आले, आणि गाडीवर दोन दिवस साचलेला माझा राग पोरीवर निघाला. "खरं काय ते सांगून टाक," मी म्हणालो. "मी रागावणार नाही." आणि हे असं रागावूनच म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. ताटावरून उठत ती म्हणाली, "मी कधी कोणाला बसवलं नाही."

तेच शब्द. अगदी त्याच क्रमाने. त्या औषधवाल्याचं वाक्य माझ्या पोरीच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. हिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली अजून शर्टावर पाणी मारत होती.

५

रविवारी सकाळी मी लेकीला भाजी आणायला पाठवलं. खरं म्हणजे भाजी नको होती. मी आधी गाडीच्या मागच्या दोन्ही फूटरेस्ट माझ्या हाताने वर दुमडून टाकल्या. लेक माझ्याशी बोलत नव्हतीच. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, गेली. मी चपला तशाच सरकवून तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेलो आणि जसा बसकडे बघतो तसा गाडीकडे बघत उभा राहिलो.

सीटवर लेक एकटी होती. हे पहिल्यांदा सांगतो, म्हणजे कोणी वेड्यात काढायला नको. मी डोळ्यांनी बघितलं, एकटीच होती.

आणि गाडी दोघांना घेऊन चालली होती.

हे कसं सांगू? ज्याने उभा जन्म चाकांवरचं ओझं बघण्यात घालवला त्यालाच कळेल. खड्डा आला तेव्हा मागचं चाक ज्या जडपणाने आदळलं, तेवढं वजन माझ्या काडीसारख्या पोरीचं नव्हे. वळताना लेक आधी कलली आणि तिच्या पाठोपाठ, किंचित उशिराने, गाडी अजून थोडी कलली. नवखा माणूस मागे बसला की असंच होतं. पुढच्याच्या कलण्याला तो एका श्वासाने उशीर करतो. माझे डोळे म्हणत होते दोन. माझी अक्कल म्हणत होती एक. आणि वळताना दोन्ही फूटरेस्ट खाली आलेल्या मला स्पष्ट दिसल्या. खड्ड्याने पडल्या असतील. एक पडू शकते. दोन्हीही पडू शकतात. का नाही पडणार?

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला प्रचंड संताप आला. माझी पोर. तिची पहिली नोकरी. तिच्या आईने तिच्यावर नको तो आळ घेतला, मी घेतला, ती रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली. आणि हे कोण, कुठलं, ना ओळख ना पाळख, खुशाल तिच्या शर्टाला धरून बसतंय? विचारलं नाही, सांगितलं नाही? फुकट?

६

लेक परत आली. गाडी दारासमोर स्टँडला लावली, भाजीची पिशवी घेऊन आत निघून गेली. रागात दार तसंच सताड उघडं टाकून गेली. आमचं घर तळमजल्यावर आहे, एक पायरी चढलं की बैठकीची खोली.

गाडी उन्हात उभी होती. सरळ, न कलता. आजूबाजूला कोणी नव्हतं. समोरच्या घरात कोणाचातरी मिक्सर चालू होता.

मी गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बसमध्ये जिथे उभा राहतो तिथेच, म्हणजे बसलेल्याच्या खांद्यापाशी. मला माहीत होतं मी मूर्खपणा करतोय. रिकाम्या सीटशी बोलणारा माणूस मी दुसरा कोणी बघितला असता तर त्याच्या घरच्यांना बोलावून घेतलं असतं. पण अंगात एकदा चेकर शिरला की मग मी माझं ऐकत नाही.

आवाज लावला आणि म्हणालो, "उतरा खाली."

मिक्सर बंद झाला.

मग कुईं असा लांबट आवाज आला. गाडीचा मागचा भाग हळूहळू वर यायला लागला, जडसं कोणी सावकाश उतरावं तसा. शॉकअप पुरते उघडले, आणि गाडी जशी कलायला हवी तशी साइड स्टँडवर कलली. मागच्या सीटवरचा खड्डा माझ्या डोळ्यांदेखत भरून आला.

मग हसायला आलं मला. जोरात हसलो. अडकलेला स्प्रिंग! खड्ड्याने हिसका बसला, ऊन लागलं, सुटला. मिस्त्रीला मी हेच सांगत नव्हतो का? उगाच पोरीला छळलं, स्वतःला छळलं. मी सीट दाबून बघितली तर मस्त लवलवत होती.

दाराचा पडदा हलत होता. वारा असेल. पायपुसणं पायरीवरून थोडं आत सरकलं होतं. ते नेहमीच सरकतं.

७

गाडी घ्यायची हे मी ठरवून टाकलं. दोष निघून गेल्यावर कशाला सोडायची? पैसे घेतले आणि औषधवाल्याकडे निघालो. गाडी काय पळत होती! आरशातही बघितलं, दोन-तीनदा. मागे रस्ता होता नुसता.

तो खिडकीत होता. या वेळी मी मुद्दाम गाडी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली. तो अनवाणी धावत बाहेर आला, ओरडण्यासाठी तोंड उघडलं, आणि गाडी बघून थबकला. गाडी कलून उभी होती. त्याने पुढे होऊन एका बोटाने मागची सीट दाबली. सीट दबली आणि वर आली. त्याने पुन्हा दाबली. मग तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा पुरुष माणूस. सुटल्यासारखा रडत होता.

"अहो, स्प्रिंग अडकला होता," मी म्हणालो. "एवढं काय त्यात?"

त्याने मान वर केली. "कुठे?"

"कुठे काय?"

"कुठे उतरवलंत?"

"काय बडबडताय? माझ्या दारासमोर उभी होती गाडी, तिथे—"

"दार उघडं होतं?"

मिक्सर बंद झाल्यावर पडलेली ती शांतता मला पुन्हा ऐकू आली.

तो उठला. कपडे झटकले. खालच्या आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "घरात बसायला काय आहे तुमच्या?"

"सोफा आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तीन माणसं बसतील असा. पाहुण्यांना उभं नाही ठेवत आम्ही, तुमच्यासारखं!"

त्याने डोळे मिटले. मग आत जाऊन गाडीची कागदपत्रं आणली आणि माझ्या हातात कोंबली. पैसे नको म्हणाला, गाडी तशीच घेऊन जा म्हणाला. मी नोटा त्याच्या उंबऱ्यावर ठेवल्या. मी आजवर कोणाला फुकट नेलं नाही, कोणाचं फुकट घेतही नाही. असं ठणकावून सांगितलं त्याला. त्याने दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि मग ती एकुलती खुर्ची फरशीवरून ओढत दाराला लावल्याचा.

८

घरी आलो तेव्हा मायलेकींचा समेट झाला होता. हिनेच पोरीची समजूत काढली असणार, दोघींच्या हातात चहाचे कप होते. गाडी आपली झाली असं सांगितल्यावर लेक माझ्या गळ्यातच पडली. मला हायसं वाटलं. सोफ्यावर बसायला गेलो.

"तिकडे नको," ही म्हणाली.

"का?"

"का म्हणजे..." ती सोफ्याच्या त्या टोकाकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडली, जसं काही सांगायचं होतं आणि विसरली. "असंच. इकडे बसा ना आमच्याजवळ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तीन माणसांच्या सोफ्यावर दोघी एका टोकाला एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मधे जागा, आणि खिडकीकडचं टोक खाली दबलेलं. मी ओझं बघूनच पोट भरतो. मी त्या टोकाकडे फार वेळ बघितलं नाही. खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसलो. लेक सांगत होती, उद्या कुठला शर्ट घालणार, साहेबांना काय विचारणार. मी हो हो करत होतो.

रात्रभर माझ्या जिभेच्या टोकावर तेच दोन शब्द होते. उठायचं, समोर उभं राहायचं, म्हणायचं. एकदा उतरवलंय, दुसऱ्यांदा उतरवीन. पण उतरवून पाठवू कुठे? दाराबाहेर गाडी उभी होती. तिच्यावर उद्या माझी पोर बसणार होती, आणि त्या खडीच्या वाटेवर दिवसभर तिच्याबरोबर दुसरं कोणी नसणार होतं.

सोमवारी सकाळी लेक तयार झाली. नवा शर्ट, कडक इस्त्री. मला नमस्कार केला, आईला केला, हेल्मेट उचललं आणि बाहेर गेली. लेक डबा विसरली म्हणून ही तिच्या मागे धावली. मी ड्युटीचा युनिफॉर्म घालून खुर्चीवर बूट बांधत होतो.

बाहेर किक बसली. इंजिन सुरू झालं.

आणि सोफ्याच्या त्या टोकाकडून कुईं असा आवाज आला. दबलेली गादी सावकाश वर यायला लागली, मागच्या बाजूने आधी, जसा माणूस पुढे झुकून उठतो तशी. दाराचा पडदा अजून हलला नव्हता.

रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. हे आधी सांगतो, कारण पुढे जे केलं ते भीतीने केलं असं कोणी समजू नये. जन्मभर ज्या एका गोष्टीची चीड बाळगली, तीच माझ्या घरात, माझ्या सोफ्यावरून उठत होती. पण बाहेर माझी लेक आईला म्हणत होती, "निघते गं," आणि तिचा आवाज आनंदाने नुसता फुलून आला होता.

"बसा," मी म्हणालो.

गादी अर्ध्यावर थांबली.

"बसा हो. कुठे निघालात? इथेच बसा. मी काही तिकीट मागत नाहीये तुमच्याकडे."

बाहेर गाडीचा गिअर पडला. मग गादी पुन्हा हळूहळू खाली गेली, आणि खिडकीतून मला लेकीची गाडी जाताना दिसली. कोपऱ्यावर वळली. हलकी, एका माणसाची.

"कोणाला बसा म्हणताय?" ही दारातून आत येत म्हणाली.

"कोणाला नाही."

"ड्युटीला जायचं नाही का? उशीर होतोय."

उशीर होत होता. पण गाडीचा आवाज अजून ऐकू येत होता, आणि आवाज असेपर्यंत मन बदलू शकतं, कोणाचंही. मी उठलो, सोफ्यावर गेलो आणि मधल्या जागेवर, त्याच्या अगदी शेजारी, बसून राहिलो.